अण्णांच्या मागे राहिलेली कामं : चालढकल मोडण्याच्या प्रकल्प नोंदी

माझे वडील, अण्णा, नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. मार्च २०२५ उजाडला तरी सातबारा, पासबुक, वीजबिल आणि स्कूटरचं आरसी बुक, सगळीकडे त्यांचंच नाव होतं. घरात भांडण नाही, कुणी अडवलेलं नाही, पैशांची अडचण नाही. काम नुसतं पुढे ढकललं जात होतं. ते संपवायला घेतल्यापासूनच्या या नोंदी. ज्यांच्या घरी असंच भिजत घोंगडं पडलंय त्यांच्यासाठी लिहिते आहे. कागदपत्रांची माहिती ओघाने येईलच, पण जास्त लिहिलंय ते काम नेमकं कुठे अडत होतं आणि कशाने सुटलं याबद्दल.

जमीन कोरेगाव तालुक्यात, सातारा जिल्हा. आई गावी. मी पुण्यात नोकरीला, धाकटा भाऊ नाशिकला.

२ मार्च २०२५, रविवार

राहिलेली कामं कागदावर उतरवली. वारस नोंद. बँक. लाईट बिल. स्कूटर. अशाच याद्या जुन्या डायऱ्यांतही सापडल्या, शब्दही हेच. या यादीत एकही क्रियापद नाही. ‘वारस नोंद’ हे वाचून हाताने काय करायचं ते कळत नाही. नुसता डोंगर दिसतो आणि पान उलटलं जातं.

शेजारी दुसरा रकाना काढला : या कामाची वेळ आली की त्याऐवजी मी काय करते? आलं ते असं. इंटरनेटवर आणखी माहिती वाचते. फाईलमधले कागद नव्याने लावते. भावाला ‘बोलू एकदा निवांत’ असा मेसेज टाकते. आणि ‘गावी गेलं की सगळं एकदमच करून टाकू’ असं ठरवते. यातलं प्रत्येक वागणं कामासारखंच दिसतं, म्हणून तर ते ओळखू येत नाही. आळसात माणूस लोळत तरी पडतो. चालढकलीत हात सतत चालू असतात, फक्त भलत्याच कामात.

‘सगळं एकदम’ याच्याखाली लाल रेघ मारली. तेवढा मोकळा वेळ कुणालाच मिळत नसतो.

५ मार्च, बुधवार

‘शनिवारी जाऊन करू’ हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य. महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी तलाठी कार्यालय बंद, तहसील बंद. बँकाही दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. म्हणजे जी वेळ आम्ही राखून ठेवत होतो त्या वेळी हे काम होणं शक्यच नव्हतं.

तुमच्या कामाला कोणती वेळ राखली आहे ते आधी तपासा. समोरचं दार त्या वेळी उघडं असतं का, एवढंच बघायचं. आमच्या कामांना लागणार होते कामाच्या दिवशीचे फोन आणि एखाद्या दिवसाची रजा. दोन्ही जमण्यासारखं होतं.

९ मार्च, रविवार

आठवडाभर फोनवर आठवण करून देणारं ॲप वापरलं. रोज रात्री नऊला घंटी वाजायची, मी बोटाने बाजूला सारायची. रात्री नऊला कुठलंच कार्यालय फोन उचलत नाही, त्यामुळे घंटी वाजून हाती काही लागत नव्हतं. उलट न करता सोडून देण्याची सवय पक्की होत होती. ॲप काढून टाकलं.

१० मार्च, सोमवार

पीटर गॉल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मधल्या एका लेखात साधी गोष्ट मांडली आहे : ‘करायचं आहे’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक घडलं की लगेच तमुक करेन’ असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. तसं वाक्य लिहिलं : ‘सोमवारी ऑफिसात डबा टेबलावर ठेवला की आधी गावच्या पोलीस पाटलांना फोन.’

डबा ठेवला, फोन लावला. पहिल्याच फोनवर त्यांनी सगळं सांगितलं. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि फोन नंबर, वारसांबद्दलचं स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती, सातबारा आणि आठ अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा. वारसांबद्दलचा दाखला ते स्वतः देणार. ‘ताई, एवढ्यासाठी थांबला होता होय?’ असंही म्हणाले, पण आपुलकीने.

सातबारा आणि आठ अ दुपारीच महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढले. डिजिटल सहीचा उतारा, प्रत्येकी १५ रुपये. सरकारी कामाला तो चालतो, वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही.

फोन करण्याआधी मनात जी धाकधूक होती ती आणि प्रत्यक्ष फोन, यांचा काही मेळ नव्हता. पुढच्या प्रत्येक कामासाठी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१६ मार्च, रविवार

आज अण्णांची पिशवी उघडली. खरी गाठ इथे होती.

खाकी कापडाची, एका कानाला शिवण घातलेली पिशवी. वरच्या खणात सोसायटीच्या पीककर्जाच्या पावत्या, वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या. त्याखाली पासबुकं. सगळ्यांत खाली शंभर पानी वही, तिच्यात निळ्या शाईने विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या : वार, किती तास, कुणाची पाळी. शेवटची नोंद ऑक्टोबर २०२२ ची. तिच्यापुढे रेघा आखून ठेवलेल्या, रिकाम्या.

मृत्यू दाखल्याची मूळ प्रत याच पिशवीत होती. आईने दिवसकार्य झाल्यावर ठेवलेली. प्रत्येक कामाला पहिला कागद तोच लागतो, आणि तो काढायचा तर पिशवी उघडावी लागणार होती. बाकी सगळी कारणं, रजा नाही, माहिती नाही, भावाला वेळ नाही, ही त्यानंतरची.

फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की चालढकल हा वेळेच्या नियोजनातला दोष नसून त्या क्षणी नकोशा भावनेपासून सुटका करून घेण्याचा मार्ग आहे. वाचलं तेव्हा पटलं होतं. त्या पिशवीसमोर बसल्यावर अंगात उतरलं. नाव बदललं की अण्णा कागदावरूनही जाणार होते. आम्हा तिघांनाही ते नको होतं, आणि आमच्यातलं कुणी ते बोललं नव्हतं.

नियोजनाने हे सुटणारं नव्हतं. सुटलं ते दोन गोष्टींनी. एक, सोबत. एका मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. ती तिचं शिवणकाम करत बसली, मी कागद काढत गेले. बोलणं जवळपास नाहीच. दुसरं, वेळेची मर्यादा. वीस मिनिटांचा गजर लावला. वाजला की बंद, कितीही राहिलेलं असो. मध्ये रडू आलं तर रडले. गजर वाजला तेव्हा दाखला हातात होता.

वही पिशवीत परत ठेवली नाही. ती आता माझ्या कपाटात आहे. कामाचे कागद आणि आठवणीचे कागद वेगळे केल्यावर कामाच्या फाईलला हात लावणं सोपं झालं. कुणाच्या घरी असं अडलं असेल तर हे आधी करा.

१८ मार्च, मंगळवार

दाखल्यावर नाव ‘ज्ञानदेव’. सातबाऱ्यावर ‘ज्ञानू’. बँकेत पुन्हा ज्ञानदेव. हा फरक घरात सगळ्यांना माहीत होता, आणि ‘नावाचा घोळ आहे, वेळ लागेल’ असं म्हणून प्रत्येक वेळी विषय तिथेच थांबायचा. वेळ नेमका किती लागेल हे कुणी विचारलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या नोटरीकडे विचारलं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं, वारसांपैकी एकाने सही करायची, सोबत जोडायचे पुरावे म्हणजे आधार, जुना शाळेचा दाखला, रेशनकार्ड. टायपिंग आणि नोटरी धरून काही शे रुपयांचं काम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार. तलाठी कार्यालयालाही तेच पुरेसं असल्याची खात्री पोलीस पाटलांकडून आधी करून घेतली, कारण काही ठिकाणी गावातल्या पंचांचा जबाबही मागतात.

एखाद्या कामाबद्दल घरात सगळे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असतील तर तिथे थांबून विचारा : हे कुणी तपासलंय का?

२३ मार्च, रविवार

भावाशी बोलणं. हे सगळ्यांत जास्त टाळलं होतं.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अण्णांचे वारस म्हणजे आई, मी आणि भाऊ. आजी हयात असती तर तिचंही नाव लागलं असतं. मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनंतर तो जन्मापासूनच. सातबाऱ्यावर माझं नाव लागणं कायद्याने सरळ आहे. घरात ते तितकं सरळ बोललं जात नाही. मी विषय काढला तर ‘बहीण हिस्सा मागते’ असं वाटेल, या भीतीने मी गप्प. तो का गप्प, ते मला ठाऊक नव्हतं.

मेसेजवर हे करायचं नाही असं ठरवलं होतं. फोन केला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की आज फक्त नावं लावण्याबद्दल बोलायचंय, वाटणीबद्दल नाही. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ताई, मलाही कळत नव्हतं तुला कागद कसे मागायचे. लोक म्हणाले असते हक्कसोडपत्र घ्यायला बघतोय.’ पुढचं बोलणं गुळगुळीत झालं असं नाही. वहिनीच्या माहेरी असा एक वाद कोर्टात आहे, त्यामुळे त्याला काळजी होती. दोन गोष्टींवर आम्ही सहमत झालो : तिघांची नावं लागू देत, आणि पुढे काही बदलायचं असेल तर आई असताना, तिघांनी समोर बसून. त्याने रात्रीच आधारचा फोटो पाठवला.

मोठा विषय टाळला जात असेल तर त्यातला आज लागणारा तुकडाच बाहेर काढायचा आणि बाकीचा आज नाही, असं मोठ्याने सांगायचं. समोरच्याचाही जीव हलका होतो.

३० मार्च, गुढीपाडवा

आईचा आग्रह होता की पाडव्याला सुरुवात करा. साडेतीन मुहूर्तांतला एक, आणि आईची श्रद्धा मला मोलाची वाटते. मात्र गेल्या वर्षी दसऱ्याला करू म्हणून थांबलो, मग दिवाळीनंतर, मग संक्रांत झाली की. या वेळी उलटं केलं. सुरुवात आधीच झाली होती. पाडव्याला फक्त आईची स्वयंघोषणापत्रावर सही घेतली, गुढीपुढे बसून. मुहूर्त सहीला ठेवला, सुरुवातीला नाही.

२ एप्रिल, बुधवार

पोलीस पाटलांचा स्वतःहून फोन. १ एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आहे, सातबाऱ्यावर मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याची. ५ तारखेपर्यंत गावोगावी चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या, ६ ते २० एप्रिल वारसांनी कागद द्यायचे, २१ एप्रिल ते १० मे फेरफार, म्हणजे नोंदीतला प्रत्यक्ष बदल. अण्णांचं नाव यादीत वाचलं गेलं.

बाहेरून आलेली तारीख आपल्या तारखेपेक्षा जास्त पाळली जाते. आम्ही घरात ठरवलेल्या तारखा निमूट सरकल्या होत्या. २० एप्रिल मात्र तिघांनाही पाठ झाली. आमचे कागद तयार होते म्हणून ही तारीख उपयोगी पडली. महिन्याभरापूर्वी ती आली असती तर धावपळ झाली असती, आणि अशा धावपळीत माणूस पुन्हा हात वर करतो.

आईला त्याच आठवड्यात दुसरी बातमी मिळाली : शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागणार, आणि तो ज्याच्या नावावर जमीन त्यालाच. चालढकलीची किंमत इतके दिवस दिसत नव्हती. आता ती आईच्या वाट्याला येत होती.

८ एप्रिल, मंगळवार

रजा घेऊन गावी. तलाठ्यांचं पदनाम कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठी भाऊसाहेबच. अर्ज दिला, पोच घेतली. पोच न घेता उठू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे ती द्यायचीच असते. त्याच कलमात वारसाने तीन महिन्यांत कळवायचं असं आहे. आमचे तीन महिने कधीच उलटले होते, तरी नोंद घ्यायला अडचण आली नाही. उशीर झाला म्हणून लाजेने आणखी उशीर करणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते.

गावी जाणं शक्य नसेल तर ई-हक्क प्रणालीवरून वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मी समोर जाणं पसंत केलं, कारण नावाचा फरक तोंडी समजावता आला. भाऊसाहेबांनी दोन्ही नावं वाचली, प्रतिज्ञापत्र पाहिलं आणि पुढच्या कागदाकडे वळले. इतकंच.

१५ एप्रिल, मंगळवार

बँक. नामनिर्देशन आईचं होतं, म्हणजे तसं सोपं. अर्ज भरून गेल्या वर्षापासून फाईलमध्ये पडलेला. राहिलं होतं ते आईचा फोटो चिकटवणं आणि शाखेत देणं. सुरुवात न होणं वेगळं आणि शेवटचं पाऊल न पडणं वेगळं. नव्वद टक्के झालेलं काम मनात ‘झालं’ म्हणून नोंदलं जातं आणि तिथेच राहतं.

त्यावर उपाय : अर्ज, फोटो, गोंद आणि दाखल्याची प्रत असं सगळं एका पाकिटात घालून ते आईच्या चपलांच्या फळीवर ठेवलं. चुलतबहीण तालुक्याला निघाली तेव्हा आई सोबत गेली. कागद पूर्ण दिल्यापासून दावा १५ दिवसांत निकाली काढावा अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. आमचं त्या मुदतीत झालं. खात्यावर दोन वर्षांवर व्यवहार नव्हता, त्यामुळे ते निष्क्रिय झालेलं होतं, पण दाव्याला त्याने काही अडलं नाही. दहा वर्षं तसंच राहिलं असतं तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत गेले असते, आणि तिथून परत मागावे लागले असते. नामनिर्देशित व्यक्ती पैसे सगळ्या वारसांच्या वतीने घेते, ती आपोआप मालक होत नाही, हेही भावाला आणि मला आधी नीट माहीत नव्हतं.

२८ एप्रिल, सोमवार

वारस ठराव होऊन फेरफार नंबर पडला. ‘आपली चावडी’ पोर्टलवर नोटीस दिसते. हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

या दिवसांत आपल्या हातात काही नसतं, आणि पुढची कामं नेमकी इथेच सुटतात. ‘सातबारा होऊ दे, मग बाकीचं’ असं वाटायला लागलं. यादी पुढे घेतली आणि प्रत्येक कामासमोर लिहिलं : हे खरंच दुसऱ्या कशावर अवलंबून आहे का? वीजबिलाचं नव्हतं. त्याच संध्याकाळी नावबदलाचा अर्ज ऑनलाइन भरला. सोपा गेला, लिहिण्यासारखं काही नाही.

१९ मे, सोमवार

नवीन सातबारा आला. तिघांची नावं. १५ रुपये भरून उतारा काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. भावाने लगेच फोन केला. आईने शेजारच्या मुलाकडून नावं मोठ्याने वाचून घेतली.

आता आईचा शेतकरी ओळख क्रमांक. सेवा केंद्रात आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि सातबारा लागतो. आधारला जोडलेला नंबर अण्णांचा जुना निघाला, म्हणून आधी तो बदलला. चार दिवस त्यात गेले. असं काही मध्ये आलं की पूर्वी सगळंच थांबायचं. या वेळी केंद्रातच उभं राहून ‘पुढे कुठे, कधी’ हे चुलतबहिणीने कागदावर लिहून घेतलं आणि फोटो पाठवला. अडथळ्याच्या जागेवरून पुढचं पाऊल लिहिल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम तिने मला शिकवला.

१ जून, रविवार

राहिली स्कूटर. मोटार वाहन नियमांप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१, म्हणजे गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज, भरायचा. गाडी गोठ्याशेजारी झाकून ठेवली आहे, रस्त्यावर नाही, पण विमा संपलेला. कुणाच्या नावावर करायची हे ठरत नव्हतं, आणि यादीत लिहिलेलं होतं फक्त ‘स्कूटर’. आज भाऊ घरी असल्याने तिघं बसलो. आईला ती विकायची नाही. भाऊ ती नाशिकला नेऊन दुरुस्त करणार, म्हणून त्याच्या नावावर. आई आणि मी ना-हरकत देणार. फॉर्म ३१ आजच छापून घेतला, माझी आणि आईची सही झाली. विम्यासाठी उद्या सकाळी भाऊ एजंटला फोन करेल, चहा झाला की. वाक्य त्यानेच लिहिलं.